सप्त्यात समतल चर

गेल्या चैत्रात आमच्या गावात शाश्वत शेतीचं 'प्रशिक्षण' झालं. बॅनर लागला, साहेब दीड तास बोलले, फोटो निघाला, वडापाव वाटला, संपलं. बाई एकही नव्हती. आणि त्याच आठवड्यात सप्ता बसला! पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या जागरापर्यंत सात दिवस माणसं हलली नाहीत. पंगती घरोघर वाटून घेतलेल्या, हजेरीपट नाही की भत्ता नाही.

मग मला वाटतं, शेतीचं शिक्षण तिथेच का होऊ नये?

आपल्याच जिल्ह्यात हे झालेलं आहे. १९७५ साली सैन्यातून राळेगण सिद्धीला (ता. पारनेर) परतलेल्या अण्णा हजारेंनी पाण्याच्या आधी यादवबाबांच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, तोही पदरच्या पैशानं. बैठका तिथेच भरू लागल्या. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान हे सगळं कागदावर नव्हे, देवासमोर ठरलं म्हणून टिकलं.

दुसरं उदाहरण फादर हर्मन बाखर यांचं. हे मूळचे स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू. हयातीतली कित्येक दशकं नगर जिल्ह्यात घालवली, २०२१ मध्ये वारले. १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत त्यांनी 'वॉटर' ही पाणलोट संस्था काढली. पण गावाला अट होती ती श्रमदानाची, धर्माची नव्हे. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे त्यांचं शिकायचं गाव झालं: माथ्यावर सलग समतल चर, मग बांध, शेवटी नाला. आपण सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला डम्पी लेव्हल घेऊन तीन तास घाम गाळतो. समतल रेषा आखायला ए आकाराची लाकडी चौकट आणि मधे ओळंबा एवढंही पुरतं, आणि निरक्षर आजीसुद्धा ती अर्ध्या तासात शिकते. (माझ्या रीडिंगपेक्षा तिची रेषा सरळ येईल, हे वेगळं सांगायला नको!)

पण एक गोष्ट घशात अडकते. राळेगणात दारू पिणाऱ्यांना देवळापाशी खांबाला बांधून मारलं जायचं, अण्णांनी ते स्वतः कबूल केलंय. देवाच्या नावानं माणूस श्रमदानाला येतो तसा देवाच्या नावानं गप्पही बसतो. शिवाय देऊळ गावातल्या सगळ्यांचं असतं का? आमच्याकडे पंगतीला सगळे असतात, पण वीणा कुणाच्या गळ्यात असते ते आपण सगळे जाणतो. चराईबंदी ठरते तेव्हा मेंढ्या-शेळ्या कुणाच्या, बांध घातल्यावर विहिरीला पाणी कुणाच्या, हा प्रश्न त्या सभेत विचारायची मुभा हवी. तो भूमिहीनानं विचारला तरी चालला पाहिजे.

या वर्षीच्या एनएसएस शिबिरासाठी माझं मागणं एवढंच: वेगळा मंडप घालू नका. सप्त्यात प्रवचन चारला असतं. जेवणं उरकल्यावर एक तास मागून घेऊ, चौकट घेऊन डोंगरावर जाऊ. सोबत मागच्या आळीतल्या बायकांना आधी बोलवू. विणेकऱ्यांशी मी बोललोय. ते म्हणाले, ''या, पण हरिपाठाला वेळेवर परत आणा.''