दोरीवरचे पंचांग

अवचित सर आली आहे. दोरीवर वाळत घातलेला किमोनो काढण्यासाठी एक तरुणी लगबगीने धावते आहे आणि त्या घाईत तिच्या पायातील एक खडाव निसटली आहे. जपानी चित्रकार सुझुकी हारुनोबू याचे १७६५ मधील हे लाकडी ठशांचे चित्र वरवर पाहता एवढेच सांगते. परंतु त्या किमोनोच्या नक्षीत अक्षरे दडलेली आहेत : चालू वर्षाचे नाव आणि २, ३, ५, ६, ८, १० हे अंक. ते त्या वर्षीचे ३० दिवसांचे महिने होत.

जपानात तेव्हा चांद्रमास चालत. कोणता महिना ३० दिवसांचा आणि कोणता २९ चा, हा क्रम दरवर्षी बदले. (तिथी पाहून उपवास धरणाऱ्या घरांना याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.) पंचांग छापण्याचा अधिकार मात्र सरकारमान्य मोजक्या प्रकाशकांनाच होता. म्हणून एदो शहरातील रसिक मंडळी चित्रात महिने लपवून घेत आणि अशी चित्रे खास आपल्यासाठी करवून एकमेकांना भेट देत.

या मंडळींत अग्रणी होता ओकुबो क्योसेन, शोगुनच्या पदरचा एक सरदार. कल्पना त्याची, खर्चही त्याचाच. तोवर बाजारातील चित्रे बहुधा दोन-तीन रंगांवर भागत. कारण प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा कोरावा लागे आणि प्रत्येक ठसा कागदावर नेमक्या जागी बसावा लागे. हौसेने पैशाचा विचार बाजूस ठेवला, जाड उत्तम कागद आला, ठशांची संख्या वाढली आणि किनखापासारखी बहुरंगी चित्रे जन्मास आली.

मात्र अशा अनेक चित्रांवर नाव असे ते करवून घेणाऱ्याचे. दिवाणखान्यातील आठ दृश्यांच्या प्रसिद्ध मालिकेच्या आरंभीच्या प्रतींवर क्योसेनचेच नाव आहे. त्याला लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या थैलीवाचून ते रंग उमटलेच नसते. तरी रेषा हारुनोबूची होती, हेही खरेच.

पुढे प्रकाशकांनी असे ठसे मिळवले, त्यांवरील महिने आणि यजमानांची नावे तासून काढली आणि तीच चित्रे बाजारात विकली. त्या आठ दृश्यांच्या नंतरच्या प्रतींवर हारुनोबूची सही दिसते. १७७० मध्ये तो वारला.