विनाफीचा कैवारी आणि क्षमेचा बाजार

माणसानें पाप केलें, पुढें त्याला पश्चात्ताप झाला, तर देवाच्या दरबारीं त्याची रदबदली कोणीं करावी, आणि करणारानें त्याबद्दल काय घ्यावें? ख्रिस्ती धर्मांत या प्रश्नावरून मोठे वाद झाले. आमच्या वाचकांपैकीं त्या धर्माचे थोडेच असतील. परंतु ज्यांनीं कोर्टाची पायरी चढली आहे, सावकाराची वही पाहिली आहे आणि दलालाला दलाली मोजली आहे, त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाहीं.

मराठी बायबलांत येशू ख्रिस्ताला 'कैवारी' म्हटलें आहे. हा कैवारी आपल्या कोर्टांतल्या वकिलासारखा नव्हे. आपला वकील म्हणतो, "माझ्या अशिलानें गुन्हा केलाच नाहीं." हा कैवारी गुन्हा नाकारीत नाहीं. गुन्हा घडला, पण त्याची शिक्षा मीं क्रुसावर भोगली आहे, एवढेंच त्याचें म्हणणें. शिवाय या कैवाऱ्याला न्यायाधीशानेंच पाठविलें आहे, असें ख्रिस्ती लोक मानतात. म्हणजे रागावलेल्या देवाची कोणीतरी मनधरणी करावी असा हा प्रकार नाहीं. क्षमा करण्याची इच्छा मुळांत देवाचीच. आणि हा कैवारी धंद्यानें सुतार होता, हें आमच्या कारागीर बंधूंनीं ध्यानांत ठेवावें. ज्यांनीं त्याला खिळे ठोकले त्यांच्याकरितांही त्यानें क्षमा मागितली. फी कोणाकडूनही घेतली नाहीं.

कॅथॉलिक लोक मरियेला व संतांना आपल्यासाठीं प्रार्थना करावयास विनवितात आणि धर्मगुरूपुढें पापाची कबुली देतात. प्रॉटेस्टंट म्हणतात, एका येशूवांचून दुसरा मध्यस्थ नको. हा भेद आहेच. परंतु तारण त्या सुताराच्या बलिदानामुळें, याविषयीं दोघांचें दुमत नाहीं.

मग बाजार शिरला कोठून? पापाची क्षमा झाली तरी कांहीं शिक्षा भोगावयाची उरते, आणि ती माफ करण्याचा अधिकार आपणांस आहे, अशी रोमच्या चर्चची शिकवण होती. त्या माफीचीं क्षमापत्रें निघत. सोळाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींत आल्ब्रेख्त नांवाच्या सरदारपुत्रानें माइन्झचें आर्चबिशपपद मिळविलें. त्यासाठीं रोमला मोठी रक्कम भरावयाची होती. ती त्यानें आउग्सबुर्ग येथील फुगर या सावकारी पेढीकडून कर्जाऊ घेतली. कर्ज फेडावयाचें कसें? क्षमापत्रें विकून! उत्पन्नाचा अर्धा भाग रोममधील सेंट पीटरच्या मंदिराच्या बांधकामाला, आणि अर्धा सावकाराच्या घरीं. ऐपतीप्रमाणें दर ठरले. गरिबानें उपास व प्रार्थना केली तरी चालेल, असें कागदावर होतें खरें. परंतु टेट्झेल नांवाचा प्रचारक, तुमचे मेलेले आईबाप यातना भोगीत आहेत, असें सांगून लोकांच्या काळजाला हात घालीत असे. अशा वेळीं कोणता मुलगा पदर झाडल्यावांचून राहील? बंधूंनो, देवाच्या दयेचें नांव आणि सावकाराचा हप्ता, असा हा व्यवहार होता!

ता. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजीं विटेनबर्ग येथील अध्यापक मार्टिन ल्यूथर यानें याविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. त्यांतील दोन रोकडे होते. क्षमापत्र विकत घेण्यापेक्षां गरिबाला दिलेलें दान बरें, हा एक. पोपला जर आत्मे सोडवितां येतात, तर तो पैशावांचून, केवळ प्रेमानें सर्वांना कां सोडवीत नाहीं, असें सामान्य माणूस विचारतो, हा दुसरा. रोमनेंही पुढें सुधारणा केली, इ. स. १५६७ मध्यें पोप पाचवे पायस यांनीं पैसे घेऊन द्यावयाचीं क्षमापत्रें रद्द केलीं. आणि ता. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं, फुगरांच्या त्याच आउग्सबुर्ग शहरांत, कॅथॉलिक व ल्यूथरपंथी पुढाऱ्यांनीं एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या: माणूस देवापुढें नीतिमान ठरतो तो स्वतःच्या पुण्याईनें नव्हे, तर देवाच्या कृपेनें व विश्वासानें. भांडण मिटण्याच्या वाटेला लागावयास पावणेपांचशेंहून अधिक वर्षें लागलीं.

परंतु क्षमा फुकट मिळते म्हणून ती स्वस्त होते काय? येथें कित्येक भाविक फसतात. देवाकडे माफी मागितली कीं शेजाऱ्याचें देणें फिटलें, असें त्यांना वाटतें. बायबल तसें सांगत नाहीं. यरीहो गांवांत जक्कय नांवाचा करवसुली करणारांचा मुख्य होता. येशू त्याच्या घरीं उतरला, तेव्हां लोक कुरकुरले. जक्कयानें मात्र उभें राहून सांगितलें कीं, अर्धी मालमत्ता गरिबांना देतों, आणि ज्याला नाडलें असेल त्याला चौपट परत करतों. या घराला तारण मिळालें, असें येशूनें त्यानंतर म्हटलें.

दुसरा दाखला कर्जाचा आहे. एका चाकराचें राजाला दहा हजार टॅलंट देणें होतें. एक टॅलंट म्हणजे सुमारें ६००० दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी! राजानें दया येऊन तें सगळें सोडलें. हाच चाकर बाहेर पडला आणि शंभर दिनारांसाठीं सोबतीच्या नरड्याला हात घालून त्याला तुरुंगांत घालता झाला. राजाला हें कळतांच त्यानें दिलेली माफी काढून घेतली.

आमचें मत स्पष्ट आहे. देवाच्या क्षमेवर दर लावणारा मनुष्य देवाचा मुनीम नव्हे. त्याला एक पैही देऊं नका. परंतु देवाकडून फुकट घेतलेली क्षमा आपल्या ऋणकोला, आपल्या मजुराला व आपल्या भावाला देण्याची वेळ येईल, तेव्हां हात आंखडूं नका. आणि ज्याचें बुडविलें असेल, त्याच्या दाराशीं आधीं जा. देवाच्या दरबारांतील अर्ज तेथूनच पुढें जातो.