हसरे मूल आणि स्टेथोस्कोप

मागील पावसाळ्यातील एका रविवारी दवाखान्यास सुट्टी होती. बाहेर संततधार, आणि घरात आई, सौ. व इंटर्नशिप करीत असलेली कन्या. आईच्या आग्रहास्तव 'चलती का नाम गाडी' हा १९५८ सालचा चित्रपट लावला. आपणां इंदूरकरांना या चित्रपटाविषयी विशेष जिव्हाळा. खंडव्यात जन्मलेले किशोरकुमार येथील ख्रिश्चन कॉलेजचे विद्यार्थी; तेथील कँटीनच्या उधारीवरून या चित्रपटातील पाच रुपये बारा आण्यांचे गाणे सुचले, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

अशोककुमार, किशोरकुमार व अनूपकुमार हे सख्खे भाऊ पडद्यावरही भाऊच. त्यांच्या गॅरेजमध्ये पावसाळी रात्री नादुरुस्त मोटार घेऊन चिंब भिजलेली मधुबाला येते, आणि किशोरकुमार हातातल्या अवजारांवर ताल धरीत गाऊ लागतात. सचिनदेव बर्मन यांची ती चाल ऐकताना ऐंशी उलटलेली आई मनसोक्त हसत होती. मध्येच कन्येने विचारले, "बाबा, मधुबालाला व्हीएसडी होता ना? मग ऑपरेशन का नाही केलं?"

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास जन्मतः असलेले हे छिद्र शस्त्रक्रियेने प्रथम बंद केले ते १९५४ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी. तेही पित्याच्या रक्ताभिसरणाचा आधार बालकास देऊन. आमच्यासमोरचा चित्रपट निघाला तेव्हा ही शस्त्रक्रिया अवघी चार वर्षांची होती. १९६० मध्ये किशोरकुमारांशी विवाह झाल्यावर मधुबाला उपचारासाठी लंडनला गेली. परंतु तेथील डॉक्टरांनीही शस्त्रक्रिया केली नाही. छिद्र मोठे असल्यास फुप्फुसांकडे वर्षानुवर्षे जादा रक्त जाते, तेथील रक्तवाहिन्या कायमच्या जाड होतात आणि मग ते बंद करणेच घातक ठरते. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी, ३६वा वाढदिवस होऊन नऊ दिवसांनी, ती गेली.

तिच्या काळाचा नाइलाज होता. आपली सबब कोणती?

येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी दीड महिन्याचे एक बाळ लसीकरणासाठी आले. गुबगुबीत, गोरेपान, माझ्याकडे पाहून हसणारे. बाहेर गर्दी होती. मी लस टोचली, कौतुक केले आणि पुढचा रुग्ण बोलावला. सहाव्या महिन्यात ते न्यूमोनियाने परत आले, तेव्हा वजन जेमतेम वाढलेले आणि छातीवर स्टेथोस्कोप ठेवताच स्पष्ट मर्मर. आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, दूध पिताना त्याच्या कपाळाला घाम यायचा, पण आम्हांला वाटलं उकाड्यामुळे असेल." शस्त्रक्रिया वेळेत झाली आणि मूल बरे झाले. तरीही ते चार महिने माझ्या खात्यावर जमा आहेत.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की दीड महिन्याची लस छाती तपासल्यावाचून देऊच नये. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत फुप्फुसांतील दाब जास्त असतो. त्यामुळे मोठ्या छिद्राचीही मर्मर तेव्हा ऐकू येत नाही, ती काही आठवड्यांनी उमटते. प्रसूतिगृहातून मिळालेला 'सर्व ठीक' हा शेरा त्या दिवसापुरता खरा असतो. दीड महिन्याची ही भेट ठरलेली, विनासायास घडणारी. आणि तीच आपण सुईपुरती वापरतो. गर्दीची अडचण मला ठाऊक आहे. परंतु दोन मिनिटे नाहीत असे म्हणणाऱ्यांत एके काळी मीही होतो.

समाजातील वाचकांनीही हे ध्यानात ठेवावे. बाळ दूध पिताना वारंवार थांबत असेल, धापा टाकत असेल, घामाघूम होत असेल, वजन वाढत नसेल, तर ते हसरे आहे एवढ्यावर विसंबू नये. त्याचबरोबर, मर्मर ऐकू आली म्हणून धीरही सोडू नये. प्रत्येक मर्मर म्हणजे आजार नव्हे. लहान छिद्रे पुष्कळदा आपोआप बुजतात. बुजणार कोणते आणि शिवावे लागणार कोणते, हे इकोकार्डिओग्राफीने व नियमित तपासणीने ठरते. पैशाची विवंचना असल्यास २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयविकारांचा समावेश आहे, हे पालकांना आपणच सांगायला हवे.

एवढे सगळे त्या दिवशी मी कन्येला सांगत बसलो, तेव्हा आई वैतागून म्हणाली, "अरे, तुमचं डॉक्टरपण पुरे, गाणं पुढे लाव." आम्ही लावले. पडद्यावर मधुबाला हसत होती आणि तिच्या आत काय चालले आहे, हे चेहऱ्यावरून कोणालाही कळले नसते. सोमवारी दवाखान्यात पहिलेच बाळ लसीसाठी आले. तेही हसत होते. मी आधी स्टेथोस्कोप हातात घेतला.