पांच हजारांच्या आंतली चोरी

ता. १ जुलै २०२४ रोजीं १८६० सालच्या दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली. पांच हजार रुपयांहून कमी किंमतीच्या चोरीबद्दल प्रथमच दोषी ठरलेल्यानें माल अथवा त्याची किंमत परत केल्यास त्याला तुरुंगाऐवजीं समाजसेवेची शिक्षा, असें तिचें ३०३ वें कलम सांगतें. ‘चोरालाच लाड!’ असें चिडून म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्हांला ही दया खटकत नाहीं. भुरटा चोर तुरुंगांत गेला कीं बहुधा पक्का होऊनच बाहेर पडतो.

राग यावयाचा तो निराळ्याच गोष्टीचा. जुन्या ३७९ व्या कलमाखालीं चोरी कितीही लहान असो, ती दखलपात्र असे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टांत पांच हजारांखालची चोरी अदखलपात्र ठरविली आहे. म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावांचून पोलिसांना तपासच करतां येत नाहीं. रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवालीचा वजनकांटा नि कांद्याचें पोतें रात्रींतून नाहींसें झालें, तर तिनें दिवसाची विक्री बुडवून कोर्टाची पायरी चढावी! बरें, तक्रार करावी कोणाविरुद्ध? आणि जो सांपडलाच नाहीं त्याचा हा गुन्हा पहिला कीं दहावा, हें ठरविणार कोण?

आपल्यासारख्या घरंदाज मंडळींना याची झळ सहसा लागत नाहीं. राहत्या घरांतील चोरीला ३०५ वें कलम लागतें. तेथें सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि पोलीस आपण होऊन तपास करूं शकतात. शिक्षा खुशाल सौम्य असूं द्या, पण ही लहान चोरी पुन्हां दखलपात्र करा. त्यासाठीं परिशिष्टांतील एक नोंद बदलली कीं पुरे.