झोपमोड्या संगणक

मंडळी, दौंडला मामेभावाच्या झेरॉक्सच्या दुकानातला डेस्कटॉप रात्री झोपवला की तासाभरात आपोआप जागा व्हायचा आणि सकाळपर्यंत इन्व्हर्टर पिऊन टाकायचा. शिरूरचा दुरुस्तीवाला म्हणाला, "विंडोज परत टाकू." आमच्याकडे सर्दीपासून सगळ्यावर हाच काढा! त्यात गिऱ्हाइकांच्या फायली गेल्या तर?

अहो, आधी विचारा तरी, उठवलं कुणी? कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', मग तिरकी रेघ आणि 'लास्टवेक' लिहिलं की बहुतेक वेळा कारण समोर येतं. इथे निघालं नेटवर्क कार्ड. दूरवरून मशीन उठवायची ही सोय मोठ्या ऑफिसात कामाची, झेरॉक्सच्या दुकानात कशाला? डिव्हाइस मॅनेजरमधून त्या कार्डाची संगणक उठवायची परवानगी काढली, रात्र शांत गेली. (माऊसलाही हा हक्क असतो बरं का. दौंड पडलं जंक्शन, मालगाडीने टेबल हादरलं तरी पुरेल!)

आणि रात्री वीज जाणार असेल तर झोपेपेक्षा हायबरनेट बरं. साध्या झोपेत उघडं काम फक्त रॅममध्ये असतं, वीज गेली की तेही गेलं. हायबरनेट ते डिस्कवर लिहून ठेवतं. मामेभावाला तेच लावून दिलंय. दुरुस्तीवाला अजून विचारतो, विंडोज कधी टाकायचं?