मापाच्या ब्लाऊजसोबत एक पान

जानेफळला शिवणकाम करणाऱ्या एका काकूंच्या मशीनच्या खणात अजून मासिकांची फाडलेली पानं आहेत. बॉबिन, खडू आणि हुकांच्या पाकिटांखाली. घड्या पडून पडून एका पानावरच्या मॉडेलचा चेहरा पार पुसलाय, गळा मात्र शाबूत. बाजूला बॉलपेननं लिहिलंय: ‘पाठ झाकून’.

फॅशनच्या मासिकांवर शहाण्या मंडळींचा जुना राग. न परवडणारी स्वप्नं दाखवतात म्हणे. दाखवतातच! पण मेहकर तालुक्यातल्या या गावात अंक पोचायचा तो एखाद्या पुण्याच्या नणंदेच्या पिशवीतून, चार महिने शिळा होऊन. स्वेटरचे नमुने ऐन उन्हाळ्यात. तरी लग्नसराई आली की पोरी पान घेऊन काकूंच्या दारात हजर. ‘काकू, गळा असाच पायजे, पण पाठ एवढी उघडी नका ठेवू.’ चित्रात सिल्क, हातात साधं टू बाय टू कापड. काकू कापड पसरायच्या, त्यावर मापाचं ब्लाऊज ठेवायच्या, पानाकडे बघत खडूनं गळा उतरवायच्या. कापड कमी पडलं तर बाही आखूड. मासिकातल्या केकच्या कृतीचंही तेच: ओव्हन कुठला, पातेल्यात वाळू तापवायची, वर झाकण.

आपल्याकडे मासिकाचं आणि अवजाराचं नातं तसं जुनंच. 1920 साली निघालेलं ‘किर्लोस्कर खबर’ हे लोखंडी नांगर करणाऱ्या कारखान्याचं पत्र. त्याच घरातून शंकरराव किर्लोस्करांनी 1930 मध्ये ‘स्त्री’ काढलं. पुढे त्याच ‘स्त्री’च्या संपादक झालेल्या विद्या बाळांनी 1989 मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. माझं मन फॅशनच्या मासिकांपेक्षा ‘मिळून साऱ्याजणी’च्या बाजूचं. पण काकूंच्या खणात त्याचं एकही पान नाही, हेही कबूल करायला हवं.

माझा राग आहे तो ब्लाऊजच्या शेजारच्या पानावर, गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिरातीवर. गळा बेतता येतो, कातडीचा रंग कसा बेतणार? वावरात उन्हातान्हात निंदायला जाणारी पोर ते पान घेऊन कुणाच्या दारात जाणार होती? ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातलं ‘फेअर’ निघायला 2020 साल उजाडलं. तोवर कितीजणींनी आरशापुढे उभं राहून स्वतःलाच नापास केलं असेल.

आता पोरी मोबाइल घेऊन येतात. रील पुढे सरकते, स्क्रीन काळी पडते, काकू खडू धरून तशाच. म्हणून त्या आता सांगतात, प्रिंट काढून आण. रंगीत नको, उगाच पैसे जातात. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये साडीचा रंग कळत नाही, गळा कळतो.