जागा विद्यापीठात नसते

‘पीएचडी करून काय दिवे लावणार?’ असं अजित पवार डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात म्हणाले आणि गदारोळ झाला. खरं तर आपल्याकडे पोरगं एमएस्सी झालं की घरचेही हेच विचारतात, फक्त त्याची बातमी होत नाही.

या प्रश्नाचं उत्तर तिरोडा तालुक्यातल्या चोरखमाऱ्यातच आहे. इथल्या गेटातून नागझिरा अभयारण्यात शिरता येतं. मे 2023 मध्ये चंद्रपूरकडच्या दोन वाघिणी कॉलर लावून या जंगलात सोडल्या. कॉलरवरून वाघीण कुठे फिरते ते काढायचं, कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंतून पट्ट्यांवरून वाघ ओळखायचा, तेच काम संगणकाला शिकवायचं. हे संशोधकच करतो. गावाच्या शिवेवर वाघ कधी येतो हे आधी कळलं, तर तो दिवा नाही का?

दुसरा आक्षेप जास्त घातक, कारण तो समजूतदार वाटतो: ‘पीएचडीला ओळख लागते, आपलं काम नव्हे.’ ओळखीने काही जागा भरतात, नाकारत नाही. पण बरीच पोरं अडतात ती जागा कुठे असते हेच ठाऊक नसल्यामुळे. तलाठी भरतीसारखी ती जाहिरातीत निघेल म्हणून बसतात. जागा असते मार्गदर्शकाकडे. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी घेता येतात. तो कोटा भरलेला असेल, तर पेट ही प्रवेशपरीक्षा पास होऊनही हात चोळत बसावं लागतं. परीक्षेतही गफलत होते. सीएसआयआरच्या नेटमध्ये संगणकशास्त्र नाही, ते यूजीसीच्या नेटमध्ये आहे. आयआयटीत तर गेट परीक्षा चालते.

म्हणून आधी प्रश्न शोधा, मग तो सोडवणारा माणूस. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम इंटरेस्टेड इन युवर रिसर्च’ हा एकच मजकूर पन्नास जणांना धाडणं म्हणजे वेळेची नासाडी. त्यापेक्षा लिहा: ‘तुमची पद्धत मी खुल्या फोटोंवर चालवून पाहिली, रात्रीच्या फोटोत चितळ आणि सांबर यांची गल्लत होते.’ सोबत कोड जोडा. असं पत्र वाचायला ओळख लागत नाही. प्रकल्पातली जेआरएफची जागा हाही एक दरवाजा आहे. नागपूरच्या नीरीसारख्या संस्थांच्या संकेतस्थळांवर अशा जागा निघतात.

मात्र सगळा दोष पोरांच्या माथी मारणं हा सोयीचा अन्याय आहे. जाहिरातीच्या तळाशी ठरलेली ओळ असते: मुलाखतीला स्वखर्चाने हजर राहावे. पुण्यातल्या पोराला ती ओळ म्हणजे रिक्षाचं भाडं. चोरखमाऱ्यातल्या पोराला गोंदियाहून रात्रभराची रेल्वे आणि बुडालेली मजुरी. मुलाखतीची पहिली फेरी ऑनलाइन घ्यायला आणि कुठल्या मार्गदर्शकाकडे किती जागा रिकाम्या आहेत ते अर्ज भरण्याआधीच जाहीर करायला सरकारला तिजोरीही उघडावी लागणार नाही.